शिंगाडवीर, पाण्यात दुप्पट

सेठजींनी माझा चौथा राक्षस नापास केला, त्या दिवशी मी इतवारीतून महालापर्यंत पायी आले आणि वाटेत कोणाशी धड बोलले नाही. ओळखीची एक बाई ‘काय वं शामला, बरी आहेस ना’ म्हणाली, तर तिला ‘नाही’ एवढंच सांगून मी पुढं निघाले. बिचारी तिथंच उभी राहिली असेल. पण माझं डोकं इतकं तापलं होतं की साक्षात देव समोर आला असता तरी मी त्याच्या चार चुका दाखवल्या असत्या.

एक्याऐंशी सालची गोष्ट. मी गोपाळरावांच्या छापखान्यात चित्रं काढायचे. चित्रं म्हणजे लेबलं. उदबत्तीची, बिडीच्या कट्ट्याची, लोणच्याच्या बरणीची, शेवयांच्या पुड्याची. चित्रकला शिकून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपण भिंतीएवढे कॅनव्हास रंगवू. प्रत्यक्षात मी मोर रंगवत होते. आमच्या गिऱ्हाइकांना मोर फार आवडायचा, उदबत्तीवरही आणि लोणच्यावरही.

मोरांचं मला एवढं काही वाटत नव्हतं. मला खुपायचं ते वेगळंच. एवढ्या लेबलांपैकी एकावरही माझं नाव नव्हतं. एकदा माझी आई, कांताबाई, शेजारच्या प्रयागबाईंना कौतुकानं सांगत होती, की हा मोर माझ्या पोरीनं काढला. प्रयागबाईंनी उदबत्तीचा पुडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

“इथं कारखान्याचं नाव आहे, इथं प्रेसचं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “तुह्या पोरीचं कुठं आहे वं?”

पुडा परत घेऊन आईनं देवळीत ठेवून दिला. त्या दिवसापासून मी ठरवलं, एक तरी चित्र असं निघालं पाहिजे की ज्याच्या खाली शामला नान्हे असं छापलेलं असेल. कोपऱ्यात असू दे, मुंगीएवढं असू दे, पण छापलेलं. गोपाळरावांना मी हे बोलूनही दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पगार वेळेवर द्यायचे, सणाला आईसाठी लुगडं द्यायचे. पण ही गोष्ट ऐकून ते पान तोंडात असतानाच हसले आणि शर्टावर लाल ठिपके पडले.

“लेबलावर चितारणीचं नाव? उद्या बिडीवर पानं तोडणाऱ्याचं नाव टाक म्हणशीन. परवा लोणच्यावर कैऱ्या फोडणारीचं. मंग माल कुठं छापू, सांग?”

मी खाली मान घालून मोराचं शेपूट रंगवायला घेतलं. गप्प बसायची मला मुळीच सवय नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

आणि मग ताराचंदजी सेठ आले. त्यांचा संत्रागोळीचा कारखाना होता. नारिंगी रंगाच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या, वरून साखर लावलेल्या, कागदाच्या पुडीत बांधून सगळ्या नागपुरात जायच्या, पार सावनेर-खाप्यापर्यंत जायच्या. सेठजींच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि ती चांगली होती, हे मला मान्य करायला हवं. प्रत्येक पुडीत एक चित्र टाकायचं. चित्रावर एक अजब वीर, अर्धा राक्षस, अर्धा योद्धा. मागं त्याचं नाव, त्याची माहिती आणि ताकदीचा आकडा. पोरांनी चित्रं जमवायची आणि खेळायची. दोघांनी आपापलं चित्र खाली टाकायचं, मागचा आकडा वाचायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं दुसऱ्याचं चित्र जिंकून घ्यायचं. वीर नाना जातीचे, कोणी आगीतला, कोणी डोंगरातला, कोणी वाऱ्यावरचा, कोणी पाण्यातला.

बाकीचे सगळे सेठजींनी सांगितले तसेच मी काढून दिले. सिंहाच्या तोंडाचा सिंहकेतू पाहिजे होता, काढला. आगीतून निघणारा अग्निमुख पाहिजे होता, काढला. त्यांच्यात माझं काही नव्हतं. कॅलेंडरवर पाहिलेल्या दैत्यांना मी नवे कपडे घातले, एवढंच. अडलं ते पाण्यातल्या वीरावर.

आधी मी मरळ मासा घेतला. मरळ अंगानं पैलवान असतो. त्याला चिलखत घातलं, हातात भाला दिला. सेठजींनी चित्र हातभर लांब धरलं.

“ही तं मच्छी आहे.”

“मासा नाही जी, वीर आहे,” मी म्हटलं.

“खवले दिसून राहिले ना, बाई! माह्या गोळ्या एकादशीले खातेत लोक. वर मच्छी पाहून कोण तोंडात टाकीन?”

मग मी कासव काढलं. सेठजींनी चटकन हात जोडले. हा तर कूर्मावतार झाला म्हणाले, पोट्टे त्याला जमिनीवर आपटतील, नालीत पाडतील, पाप कोणाच्या माथी? मगर काढली, तर ती गंगामैयाची सवारी निघाली. शेवटी चिडून बेडूक काढला. बेडूक मात्र सेठजींना चालला. ते चित्र घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मला आणि गोपाळरावांना पेढीवर बोलावून परत केलं. सेठाणीनं तो पाहिला आणि तिला जेवण गेलं नाही.

“म्हणजे पाण्यातला पाहिजे, पण पाण्यातलं कोणतंच जनावर नको,” मी म्हटलं. “मंग काय काढू सेठजी, बादली?”

गोपाळराव जोरजोरात खोकायला लागले. सेठजींना राग आला नाही, हे तर आणखीच चीड आणणारं होतं. ते शांतपणे म्हणाले, “सोचो, बाई. सोचो. दिमाग आहे तुमच्याजवळ.” आणि इतवारीतल्या त्यांच्या पेढीवरून मी बाहेर पडले, ती तशी रागात.

महालाच्या चौकात एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. दिवाळी होऊन गेलेली, शिंगाड्याचे दिवस. पारशिवनीकडच्या आमच्या गावच्या तळ्यात शिंगाड्याचे वेल लावतात. लहानपणी मी मामाबरोबर डोंग्यात बसून ते तोडायला जायचे. भूक लागली होती म्हणून मी पुडाभर घेतले आणि तिथंच उभ्या उभ्या एक दातानं फोडायला गेले, तर त्याचं शिंग अंगठ्यात घुसलं. रक्त आलं. आता शिंगाड्यानंही माझ्यावर डूख धरला म्हणून मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

आणि पाहतच राहिले. दोन बाजूंना दोन टोकदार शिंगं. अंगावर काळं, टणक कवच. मधे नाकासारखा उंचवटा, त्याच्या दोन्हीकडं दोन खड्डे, म्हणजे चेहरा आयताच. राहतो पाण्यात. हात लावील त्याला बोचतो. आणि उपवासाला चालतो!

मी भर चौकात मोठ्यानं हसले. शिंगाडेवालीनं आपली टोपली माझ्यापासून थोडी लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसमध्ये जाऊन मी जे बसले ते चित्र संपवूनच उठले. कमरेइतक्या निळ्या पाण्यात तो उभा होता. डोक्याला दोन्हीकडं वाकलेली शिंगं, काळंहिरवं चिलखत, मुळ्यांच्या मिशा, हातात कमळाच्या देठाचा भाला. आणि डोळे. डोळे मी त्या चार नापास चित्रांचा सगळा राग ओतून काढले होते, त्यामुळं ते फार चांगले निघाले. मशीन चालवणारा मारोतराव मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बापा! हे तं शामलाबाईच दिसून राहिल्या.” मी वळून पाहिलं तसा तो आपल्या मशीनकडं गेला.

सेठजींनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. खोट सापडत नव्हती म्हणून ते अस्वस्थ झाले होते.

“काय आहे हे?”

“शिंगाडा.”

“उपवासाचा?”

“हो जी, उपवासाचाच.”

त्यांनी चित्र कपाळाला लावलं आणि म्हणाले, “मिशी जराशी वाढवा.” मिशी मी वाढवली. मागचा मजकूरही माझाच. नाव शिंगाडवीर. राहतो तळ्याच्या खोल पाण्यात. जमिनीवर ताकद तीस. पाण्यात उतरला की दुप्पट. सिंहकेतूची ताकद पन्नास होती आणि तो सगळ्यांत मोठा होता. हे ‘दुप्पट’ मी मुद्दाम घातलं. आपला वीर त्या कॅलेंडरातल्या सिंहापुढं मान खाली घालून उभा राहावा, हे मला सहन होणारं नव्हतं. गोपाळरावांनी मजकूर वाचला, सेठजींनी वाचला, दोघांनीही छान म्हटलं.

आणि चित्राच्या खाली, पाण्याच्या रेषांत, मी बारीक अक्षरात शामला नान्हे लिहून टाकलं. कोणाला विचारलं नाही.

छापून पहिला नमुना आला तेव्हा मी भिंग घेऊन पाण्याच्या रेषा पाहिल्या. रेषा होत्या, नाव नव्हतं. गोपाळरावांनी ते ब्लॉकवरून, म्हणजे छापायच्या ठशावरून, घासून काढलं होतं.

“काहून काढलं जी?” माझा आवाज चढला. सगळ्यांनी कामं थांबवली.

“हे पाय शामला,” गोपाळराव म्हणाले, “माह्या बापानं हा प्रेस टाकला. तवापासून एका बी लेबलावर कोणाचं नाव गेलं नाही. तुहं टाकलं तं सेठ म्हणीन माहं टाक. तू काहून एवढी करून राहिली? चित्र तुहंच आहे, आमाले सगळ्याईले माहीत आहे ना.”

“तुमाले माहीत असून काय करू मी? प्रयागबाईले माहीत नाही.”

“कोण प्रयागबाई?”

मी सांगितलं नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. घर माझ्या पगारावर चालत होतं, नाहीतर त्याच दिवशी ब्रश त्यांच्या टेबलावर ठेवून निघून गेले असते. मी परत जाग्यावर बसले आणि एका पापडाच्या लेबलासाठी मोर काढायला घेतला. तो मोर फार रागीट निघाला. गिऱ्हाइकानं तो हसरा करून मागितला.

पुड्या बाजारात गेल्या आणि पोरांना अक्षरशः वेड लागलं. शाळेच्या फाटकापाशी, ओट्यांवर, सायकलच्या दुकानांपुढं, जिथं पाहावं तिथं पोट्टे उकिडवे बसलेले आणि मधे चित्रं टाकलेली. मी जाता येता मुद्दाम रेंगाळायचे. शिंगाडवीर दिसला की थांबायचे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. शिंगाडवीर दिवसेंदिवस कमी दिसायला लागला होता. सिंहकेतू ढिगानं होते, अग्निमुख ढिगानं होते, आणि सगळे एकमेकांना विचारत होते, तुझ्याजवळ शिंगाडवीर आहे काय बे? छापले तर सगळे सारख्याच संख्येनं होते. मला वाटलं, आवडतो म्हणून पोरं लपवून ठेवत असतील. मनातून मी खूश झाले.

एका दुपारी जुन्या शुक्रवारीतल्या नळापाशी पोरांचा घोळका दिसला. मी खांद्यांवरून डोकावून पाहिलं. दोन वेण्यांची एक पोरगी आणि तिच्यासमोर तिच्यापेक्षा डोकंभर उंच पोरगा. पोरानं सिंहकेतू टाकला. “पन्नास!” सगळे ओरडले. पोरीनं शिंगाडवीर काढला. “तीस! हारली, हारली!” पोरगी हलली नाही. ती शांतपणे नळाजवळ गेली, घमेल्यात पाणी साचलं होतं, त्यात तिनं चित्र अलगद सोडलं आणि मागं वळून म्हणाली, “पाण्यात उतरला. दुप्पट. साठ.”

काय आरडाओरडा झाला! मीही ओरडले, लाज सोडून ओरडले. माझ्या वीरानं सिंहाला हरवलं होतं. त्या उंच पोरानं नाक फुगवून सिंहकेतू तिच्या हातात दिला. मग पोरगी आपला वीर उचलायला घमेल्याकडं वळली.

वीर राहिला नव्हता. सेठजींनी कागद असा निवडला होता की घामेजल्या बोटांनीही मऊ पडावा. पाण्यावर निळसर काळा रंग पसरला होता आणि मधे कागदाचा लगदा तरंगत होता. पोरीनं उचलायला बोटं घातली तर शिंगं एका बोटाला आली आणि मिशा दुसऱ्या बोटाला. ती रडली नाही. तिनं तो लगदा तसाच मुठीत धरला आणि घरी गेली. पोरं म्हणाली, असंच होते, जिंकते अन् मरते.

मी तिथंच नळापाशी खाली बसले. सगळ्या नागपुरात पोरं माझ्या वीराला हांड्यात, माठात, नालीत, शाळेच्या टाक्यात उतरवत होती, कारण मी तसं लिहिलं होतं. अक्षरन्‌अक्षर त्यांनी खरं मानलं होतं. त्याच्यासारखा दुसरा वीर मी काढला नव्हता आणि त्याला बुडवायची तरतूद मीच करून ठेवली होती. मला स्वतःचा इतका संताप आला की आपल्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

त्यानंतर सेठजी प्रेसमध्ये आले ते पिशवी घेऊनच. पिशवीत दुकानदारांनी परत पाठवलेला निळा लगदा होता. तो त्यांनी गोपाळरावांच्या टेबलावर ओतला.

“दुकानात बाया भांडून राहिल्या! पोट्ट्याईनं प्यायचं पाणी निळं करून टाकलं. पोट्टे म्हणतेत चित्र बदलून द्या. कोणाकोणाले बदलून देऊ? कोणाची गलती आहे ही?”

“कागद तुमीच निवडला सेठजी,” मी म्हटलं.

“कागद पाण्यात टाकाले कोणं सांगतलं? मी सांगतलं?”

मी सांगितलं होतं, छापून सांगितलं होतं. गोपाळरावांनी सेठजींना खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळूहळू तोड निघाली. शिंगाडवीर बंद. त्याचे ब्लॉक मोडीत. आणि प्रत्येक पुडीत एक सूचनेची चिठ्ठी, म्हणजे दुकानदारांचं तोंड बंद होईल. सेठजी सांगत गेले आणि गोपाळराव लिहीत गेले. शिंगाडवीर हे चित्र पाण्यात बुडवू नये, बुडवल्यास बदलून मिळणार नाही. पाण्यात उतरल्यावर ताकद दुप्पट होते हा मजकूर चुकीनं छापला गेला आहे.

“चुकीनं म्हणजे कोणाच्या?” सेठजी म्हणाले. “माही नाही. साफ लिवा.”

“प्रेसची बी नाही,” गोपाळराव घाईघाईनं म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहून लिहिलं आणि वाचून दाखवलं, “ही चूक चित्रकाराची आहे.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माझा वीर मोडीत निघाला होता, त्याच्यावरचं माझं नाव आधीच घासून टाकलं होतं, आणि आता चुकीपुरता कुठूनसा चित्रकार आठवला होता.

“कोणता चित्रकार?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“चित्रकार म्हणजे कोण? नाव लिवा ना.”

गोपाळरावांनी पेन खाली ठेवला. “पागल झाली काय वं? गावभर चिठ्ठ्या जातीन. लग्नाची पोरगी तू, बदनामी होईन. मी तुह्या भल्यासाठी नाव लिवलं नाही.”

“भल्यासाठी घासून काढलं, भल्यासाठी लिवत नाही. माहं भलं राहू द्या जी. चूक माही आहे, मी लिवलं ते. मंग माहं नाव टाका. पुरं टाका. शामला धोंडबा नान्हे.”

“अगं, पण अशा कागदावर...”

“दुसऱ्या कोणत्या कागदावर टाकता तुमी?”

सेठजींना काही कळत नव्हतं, पण नाव असलेलं बरं, हे त्यांना व्यवहारात कळत होतं. “टाका की,” ते चहा पीत म्हणाले, “दुकानदारबी समजून घेतीन.” गोपाळरावांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं भांडं फोडलंय. मग त्यांनी नाव लिहिलं. मी जाऊन अक्षरं जुळवणाऱ्याच्या डोक्याशी उभी राहिले, तो मजकूर जुळवीपर्यंत हलले नाही. चिठ्ठी मळकट कागदावर निघाली. वर सूचना, खाली प्रेसचं नाव नि गल्ली, आणि मधे, काळ्या ठसठशीत अक्षरांत, ही चूक चित्रकार शामला धोंडबा नान्हे यांची आहे.

पहिल्यांदा छापलेलं माझं नाव. ते पाहून आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. घरी नेऊन आईला दाखवायची माझी हिंमत झाली नाही. चिठ्ठी मी पर्समध्ये घडी करून ठेवली आणि दिवसभर मोर काढला.

चिठ्ठ्या गेल्या. लोक काही बोलतील असं गोपाळरावांना वाटलं होतं, पण मोठ्या माणसांपैकी कोणी ती वाचलीच नसावी. निदान मला कोणी काही म्हटलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

मग एका दुपारी प्रेसच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. दोन वेण्या, खांद्याला दप्तर, हातात झाकण लावलेला पितळी पेला. मी ओळखलं. नळावरचीच ती.

“शामला धोंडबा नान्हे कोण आहे जी?” तिनं सगळ्यांना एकदम विचारलं.

मारोतरावानं मशीन बंद केलं. गोपाळराव चष्म्यावरून पाहायला लागले. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

पोरगी माझ्या टेबलाशी आली. तिनं चिठ्ठी समोर ठेवली, ‘चूक’ या शब्दावर बोट ठेवलं, मग पेल्याचं झाकण काढलं. आत निळ्या पाण्यात तो लगदा होता. इतके दिवस तिनं तो सांभाळून ठेवला होता.

“हा माहा वीर आहे. जिंकून मेला. तुमच्या चुकीनं मेला, असं यात लिवलं आहे. मले नवा पाहिजे.”

“बदलून मिळणार नाही, असं बी लिवलं आहे त्यात,” गोपाळराव तिकडून म्हणाले.

“ते कारखाना नाही देणार,” पोरगी त्यांच्याकडं न पाहता म्हणाली. “यायनं द्याले पाहिजे. चूक यायची आहे.”

मी तिला खूप बोलले. ब्लॉक मोडले म्हणाले, आता तो कुठूनच निघणार नाही म्हणाले, तुम्हा पोरांना एवढी अक्कल नाही का, कागद कोणी पाण्यात बुडवतं का, म्हणाले. मशीन बंद होतं, त्यामुळं माझा आवाज सगळीकडं घुमत होता. पोरगी ऐकत उभी राहिली. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “तुमीच लिवलं होतं ना, दुप्पट होते म्हणून?”

“नाव काय तुहं?” मी विचारलं.

“प्रेमिला.”

“बस तिथं.”

मी गोपाळरावांच्या कपाटातून सगळ्यांत जाड पुठ्ठा काढला. पापडाचा मोर बाजूला सारून मी शिंगाडवीर काढायला घेतला. तेलरंगात काढला, पाण्यानं विरघळायचा नाही असा. शिंगं, चिलखत, मिशा, भाला. डोळे काढताना या वेळी मला काही आठवावं लागलं नाही, राग ताजाच होता. प्रेमिला टेबलावर हनुवटी टेकून पाहत होती आणि मधूनमधून सूचना करत होती. शिंग असं नव्हतं, मिशी मोठी होती. मी तिच्यावर दोनदा खेकसले. मागचा मजकूर, तीस आणि दुप्पट, आधीच लिहून घेतला होता; पुठ्ठा तिच्याकडं सरकवला.

“धर. ओला आहे, बोट लावजो नको. आता जा.”

तिनं कडेनं धरून चित्र उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. मग परत माझ्यापुढं ठेवलं.

“यावर तुमचं नाव टाका.”

“काय?”

“नाव टाका ना जी. हा छापलेला नाही, पोट्टे म्हणतीन नकली आहे, कोणा भलत्यानंच काढला. चिठ्ठीत आहे तसंच लिवा, पुरं. मंग मी दोन्ही दाखवीन, तं कोणी काही म्हणू शकणार नाही.”

गोपाळराव उठून उभे राहिले होते. मी ब्रश रंगात बुडवला. मुंगीएवढं लिहायचं ठरवलं होतं कधीचं, कोपऱ्यात, पण हातातून अक्षरं निघाली ती बोटाएवढाली. शामला संपता संपता अर्धं पाणी व्यापलं, धोंडबा भाल्यावर चढला, आणि नान्हे लिहीपर्यंत वीर छातीपर्यंत माझ्या नावात बुडाला.

प्रेमिलानं ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

“एवढं मोठं काहून लिवलं जी? अर्धा तं झाकला तुमी त्याले.”

“राहू दे,” मी म्हटलं आणि पुठ्ठा परत तिच्याकडं सरकवला. “तो असाच उभा राहते.”